कारागिराचा दिवस अंदाजपत्रकात लिहा

संशोधन निधी मंजूर झाल्याचं पत्र हाती आलं की बहुतेक प्राध्यापक आधी तळाची एकूण रक्कम बघतात. माझं सांगणं आहे, आधी कापलेले रकाने वाचा. संगीत आणि ध्वनितंत्रज्ञान यांच्या सीमेवरच्या प्रकल्पात कात्री कुठे लागली आहे, यावर तो प्रकल्प तडीस जाणार की अर्ध्यात राहणार हे ठरतं. आमच्या प्रकल्पात ती ‘मानधन’ या रकान्यावर चालली होती.

मी साताऱ्याकडच्या एका महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आमचा विषय होता मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी. तार छेडल्यावर नुसता एक सूर न ऐकू येता त्यातून स्वरांची भरगच्च, झणझणीत लाट उठते, ती जवारी. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते. शिवाय तारेखाली एक सुती दोरा सरकवून त्याची जागा नेमकी साधावी लागते. सर्वसाधारण तारेचा नियम असा की ती ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची कंपनं शून्य असतात ते उपस्वर ऐकू येऊ नयेत. तानपुरा आणि वीणा हा नियम मोडतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवून दिलं होतं आणि त्याचं कारण घोडीच्या आकारात आहे, असं मांडलं होतं. आम्हाला त्यापुढचं हवं होतं. मिरजेचा कारागीर कानस फिरवत घोडी घासत जातो, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर आवाजात काय बदलतं ते ध्वनिमुद्रित करायचं, घोडीचा उतार मोजायचा आणि दोन्हींची सांगड घालायची.

प्रस्ताव चांगला होता, हे मी आजही म्हणेन. मोजमापाचे मायक्रोफोन, ऑडिओ इंटरफेस, संगणक, सगळं मंजूर झालं. कारागिरांच्या मानधनाचा रकाना मात्र साफ कोरा करून आला. हे काम स्थानिक सहकार्यातून व्हावं, असा शेरा होता.

स्थानिक सहकार्य म्हणजे काय, ते मिरजेत जाऊन बघावं. जवारी लावणारा माणूस सकाळी बसतो, तेव्हा त्याच्यासमोर ग्राहकाचं वाद्य असतं. आम्ही मायक्रोफोन लावून म्हणायचं, चाचा, आता हात थांबवा, मुद्रण घेतो. मग मोजमाप. मग पुन्हा दोन हात कानस, पुन्हा थांबा. एरवी जे काम एका बैठकीत हातावेगळं होतं, ते दिवसभर चालायचं. गल्लीतल्या गाड्यांचा आवाज मुद्रणात येऊ नये म्हणून आम्ही त्यांना भल्या पहाटे बसवायचो. सुरुवातीला त्यांनी आनंदानं वेळ दिला. चहा त्यांचाच, जागाही त्यांचीच. पुढे वाद्यांच्या मागणीचे दिवस आले आणि ते एकदा शांतपणे म्हणाले, “सर, तुमचं मोजून होतंय, पण माझं वाद्य तसंच राहतंय. मुंबईचं गिऱ्हाईक रोज फोन करतंय.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हिशेब होता. त्या हिशेबाला उत्तर द्यायला आमच्याकडे एक रुपयाही नव्हता, कारण यंत्रासाठी आलेला पैसा माणसाला देता येत नाही. यंत्रांसारख्या अनावर्ती खर्चाची रक्कम मानधनासारख्या आवर्ती खर्चाकडे वळवायची तर निधी देणाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. ती आम्ही मागितली. तिचं उत्तर आलं, तेव्हा आर्थिक वर्ष संपलेलं होतं.

परिणाम असा झाला की घासण्याचे पहिले टप्पे भरपूर मुद्रित झाले आणि शेवटचा, सगळ्यांत मोलाचा टप्पा फारच थोड्या वाद्यांचा मिळाला. कारागीर कान लावतो, मान हलवतो, कानशीचे आणखी दोन हलके हात देतो आणि थांबतो. तो तिथेच का थांबला, हे आलेखात दिसत नाही. ते त्याला विचारून, त्याच्याच शब्दांत, त्याच क्षणी लिहून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी त्याचा वेळ विकतच घ्यावा लागतो. दुसरं नुकसान नंतर कळलं. मुद्रणांना नावं देणं, कोणतं वाद्य, कोणती तार, कोणता सूर, घोडी हाडाची की लाकडाची, अशी नोंद करणं आणि ते सगळं दोन ठिकाणी जपून ठेवणं यासाठीही पैसा नव्हता. ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर दोन वाहिन्यांचं मुद्रण केलं तर तासाला सुमारे दोन जीबी जागा लागते. जागा तशी स्वस्त आहे, महाग असते ती नोंद करणाऱ्या माणसाची मेहनत. आज ती मुद्रणं आहेत, पण त्यांतल्या निम्म्या फायली काय आहेत ते खात्रीनं सांगता येत नाही. प्रकल्पाचा अहवाल गेला, विनियोग प्रमाणपत्र गेलं, यंत्रं कपाटात गेली.

याच भागात शंभर वर्षांपूर्वी असं संशोधन झालं होतं, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारेच्या लांब्या मोजून बावीस श्रुतींचं गणित मांडलं आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आयसीएस न्यायाधीश ई. क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले आणि १९११ मध्ये साताऱ्यात फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया उभी राहिली. त्यांच्या मापांवरून श्रुती-हार्मोनियम तयार झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई त्यांच्या बाजूनं उभा होता. तरीही १९१६ च्या बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ते वाद्य मांडलं गेलं, तेव्हा जमलेल्या संगीतज्ञांना ते पटलं नाही. यातून मी एवढंच घेतो की माप बरोबर असणं पुरेसं नसतं. ज्यांच्या कानावर ते माप उतरायचं, त्या सगळ्यांना सुरुवातीपासून जागा द्यावी लागते. आजच्या प्रकल्पात ही जागा अंदाजपत्रकातच द्यावी लागते.

मुद्रणांच्या नोंदींना अशी जागा परदेशात कशी मिळते, त्याचं एक उदाहरण देतो. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या निधीवर बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांनी २०११ ते २०१७ या काळात कॉम्पम्युझिक हा प्रकल्प चालवला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतही त्यात होतं, आणि आयआयटी मुंबई व आयआयटी मद्रास त्यात सहभागी होत्या. ध्वनिमुद्रणं जमवणं आणि त्यांच्या नोंदी नीट करणं हा त्या प्रकल्पात कामाचाच भाग मानला गेला. आपल्याकडे तेच काम फावल्या वेळात विद्यार्थ्याकडून व्हावं, अशी अपेक्षा असते.

आता जे प्रस्ताव लिहायला बसले आहेत, त्यांच्यासाठी. प्रस्ताव कोणत्या खिडकीत द्यायचा, हा पहिला पेच. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या आविष्कार संशोधन महोत्सवात ललित कला भाषा-मानव्यविद्यांसोबत एका गटात येतात आणि अभियांत्रिकी दुसऱ्या गटात. मोठ्या निधीतही अशीच विभागणी दिसते. तंत्रज्ञानाच्या समितीला तानपुरा हा छंदाचा विषय वाटतो, तर कलेच्या समितीला वर्णपट आणि मायक्रोफोन हा नसता खर्च वाटतो. म्हणून एकच खिडकी निवडा आणि तिच्याच भाषेत प्रश्न मांडा. विज्ञानाच्या निधीसाठी, म्हणजे २०२३ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे जायचं असेल, तर तार आणि वक्र पृष्ठभाग यांच्या संपर्काचं भौतिकशास्त्र पुढे ठेवा. शिक्षण मंत्रालयाच्या भारतीय ज्ञान परंपरा विभागाकडे जायचं असेल, तर कारागिराचं ज्ञान पुढे ठेवा. एकाच प्रस्तावात दोन्ही अर्धे अर्धे मांडले तर दोन्हीकडे तो परका ठरतो.

कारागिराला ‘माहिती देणारा’ म्हणून लिहू नका, ‘तज्ज्ञ सल्लागार’ म्हणून लिहा. त्याच्या नावानं दिवसाचा दर, दिवसांची संख्या आणि त्या काळात थांबणाऱ्या कामाची भरपाई, असं वेगवेगळं दाखवा. मानधन एका ओळीत गुंडाळलं की ते सहज कापता येतं. कामाच्या प्रत्येक टप्प्याला जोडून लिहिलं, तर ते कापताना टप्पाही कापावा लागतो आणि समिती विचार करते. नोंदी आणि जतन यांसाठीही असाच स्वतंत्र रकाना ठेवा.

यंत्रखरेदीत तांत्रिक तपशील काटेकोर लिहा: २० ते २०,००० हर्ट्झचा सपाट प्रतिसाद, मायक्रोफोनचा स्वतःचा गोंगाट किती, अंशांकनाचं प्रमाणपत्र. हे लिहिलं नाही तर सर्वांत कमी दराच्या निविदेतून सभागृहातल्या भाषणाचा माईक येतो. हप्ता उशिरा आला तरी ३१ मार्च पुढे सरकत नाही, हेही लक्षात ठेवा. हप्ता येताच लेखा विभागात बसून जीएफआर १२-अ या नमुन्यातलं विनियोग प्रमाणपत्र कधी द्यायचं, ती तारीख ठरवून घ्या. पुढचा हप्ता त्या कागदावर अडतो.

आणि मुद्रणाआधी लेखी संमती घ्या, मराठीत, वाचून दाखवून. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या नावाला संरक्षण मिळालं, पण कारागिराच्या हातच्या आवाजाचे नमुने कोणी ॲपमध्ये घालून विकले तर ते मानांकन आड येत नाही. आवाज कोणाच्या मालकीचा, कशासाठी वापरायचा, उत्पन्न आलं तर वाटा किती, हे त्या कागदावर असलं पाहिजे.

सातारा, सांगली, कोल्हापूरच्या ज्या शिक्षकांना तंतुवाद्यांवर काम करायचं आहे, त्यांना माझी विनंती आहे. प्रस्ताव पाठवण्याआधी एक दिवस मिरजेत कारागिराजवळ बसा आणि मानधनाचा रकाना त्याच्याकडूनच भरून घ्या.