प्रत्येक मुलाला त्याचा स्वतंत्र वेळ



मुलांसाठी आपण काय करतो असे कोणी विचारले, तर आपण सहज सांगतो : फी भरतो, क्लास लावला आहे, रविवारी सगळ्यांना बागेत नेतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु दोन-तीन मुले असलेल्या घरात 'सगळ्यांना' दिलेला वेळ आणि 'एकेकाला' दिलेला वेळ यांत फार फरक असतो. सगळ्यांत जो मोठ्याने बोलतो त्याचे ऐकले जाते, जो आजारी त्याच्याकडे लक्ष जाते, जो धाकटा तो मांडीवर बसतो. जे मूल काहीच त्रास देत नाही त्याला आपण 'गुणी' म्हणतो आणि निर्धास्त होतो. त्याच्या मनात काय चालले आहे हे मात्र कळायचे राहून जाते.

व्हिएन्ना येथील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर (१८७०-१९३७) यांनी या प्रश्नाकडे लक्ष वेधले. दुसरे मूल जन्मले की पहिल्याचे सिंहासन जाते, अशा अर्थाचे त्यांचे प्रतिपादन होते. जन्मक्रमावरून स्वभाव ठरतो हे मत पुढील संशोधकांनी जसेच्या तसे मान्य केले नाही. तरीही बाळ घरात आल्यावर मोठे मूल पुन्हा अंथरूण ओले करते, भरवून मागते, हा अनुभव अनेक घरांत येतो. अशा मुलाला मार नको असतो. आई-वडिलांचा थोडा हक्काचा वेळ हवा असतो.

दोन बोलकी उदाहरणे

मज्झिम निकायात राहुलाला केलेला उपदेश आहे. अट्ठकथेनुसार राहुल तेव्हा अवघा सात वर्षांचा होता. भगवान बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात राहत होते. संध्याकाळी ते स्वतः राहुल जेथे होता त्या अंबलट्ठिकेला गेले. पाय धुतल्यावर भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले व ते त्याला दाखवून प्रश्न विचारला. पुढे ते पाणी ओतून दिले, भांडे पालथे केले, आणि खोटे बोलण्याने माणूस कसा रिकामा होतो हे समजावले. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात ज्या उपदेशांचे पठण करावे असे सुचविले, त्यांत राहुलाचा हा उपदेश आहे. यातील पद्धत पालकांनी पाहावी : मुलाकडे आपण जायचे, एकट्याशी बोलायचे, हाताशी असलेली वस्तू घ्यायची आणि आधी प्रश्न विचारायचा.

दुसरे उदाहरण सुभेदार रामजी सकपाळ यांचे. भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. परळच्या चाळीत एकच खोली, तीत सगळा संसार. सुभेदार मुलाला लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत, रात्री दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवीत आणि मग आपण झोपत. इंग्रजीच्या भाषांतराचा पायाही त्यांनीच घालून घेतला. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. जागा नाही, पैसा नाही, तरी एका मुलासाठी वेळ काढता येतो हे यावरून दिसते.

हा वेळ कशासाठी ?

केवळ लाडासाठी नव्हे. वर्गात कोणी जातीवरून टोचून बोलले, बाकावर शेजारी बसू दिले नाही, ओळखीच्याच माणसाने नको तसा स्पर्श केला, अशा गोष्टी मूल चारचौघांत सांगत नाही. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा २०१२ साली झाला. परंतु कायद्याच्या दारापर्यंत जाण्यासाठी मुलाने आधी कोणाला तरी सांगावे लागते. 'आता काय झाले ?' असे घाईत विचारल्यावर ते सांगत नाही. रोज निवांत ऐकणारे माणूस असेल तरच ते सांगते.

हे कसे करावे ?

१) वेळ थोडा पण ठरलेला असावा. आम्ही बँकेत काम करणारी माणसे आवर्ती ठेवीचे उदाहरण देऊ : रक्कम लहान, पण हप्ता चुकवायचा नाही. रोज १५ मिनिटे म्हणजे वर्षाला ९१ तास होतात.

२) घर लहान असेल तर बाहेरची कामे उपयोगी पडतात. दळण, भाजी, दूध आणायला जाताना आळीपाळीने एकाच मुलाला सोबत न्यावे. वाटेने मूल घरापेक्षा जास्त बोलते.

३) त्या वेळात मार्क, अभ्यास, उपदेश नको. काय करायचे ते मुलाने ठरवावे. मोबाईल दुसरीकडे ठेवावा.

४) कोणाचा वार कोणता ते कॅलेंडरवर लिहावे, म्हणजे भावंडांत भांडण होत नाही. एकाने सांगितलेले दुसऱ्यासमोर काढू नये आणि तुलना करू नये.

५) शिक्षा म्हणून हा वेळ कधीही बंद करू नये. ज्या दिवशी मूल चुकते त्या दिवशीच त्याला त्याची गरज जास्त असते.

६) हे काम एकट्या आईवर टाकू नये. वडील परगावी नोकरीला असतील तर त्यांनी फोनवर प्रत्येकाशी वेगळे बोलावे. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली. आमच्यासारख्यांनी त्यातला एक तास तरी मुलांच्या खात्यावर जमा करावा.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ घरांत थोरल्या मुलीकडे धाकट्यांना सांभाळण्याचे काम येते. ती आठ-नऊ वर्षांची असूनही घरातली मोठी बाई होते. तिचा वार सर्वांत आधी लिहावा आणि त्या वेळेपुरते धाकट्यांना दुसऱ्या कोणीतरी सांभाळावे. तीही मूलच आहे.

मुले दहा-बारा वर्षांची होईपर्यंत आपली वाट पाहतात. त्यानंतर त्यांना मित्र मिळतात. ही वर्षे हातात आहेत तोवर आजच कॅलेंडर काढून प्रत्येक मुलाचे नाव एकेका वारापुढे लिहावे, एवढीच आमची सर्व पालकांना विनंती आहे.