एक शतांश सेकंद म्हणजे बोटाचं पेर

प्रश्न : कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचं आशियाई पदक एका शतांश सेकंदाने हुकलं. एवढ्या वेळात माणूस पाण्यात किती पुढे जातो? आणि इतकं बारीक मोजायचंच, तर सहस्रांश सेकंद का मोजत नाहीत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हिशेब सोपा आहे. 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत खाडे यांनी 22.47 सेकंद घेतले, जपानच्या शुनिची नाकाओने 22.46. म्हणजे सरासरी वेग सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास, आणि शतांश सेकंदात सव्वादोन सेंटीमीटर. सूर मारताना मिळालेला वेग शेवटी उरत नाही, म्हणून भिंतीपाशी हे अंतर आणखी थोडं कमीच भरेल. आपलं बोटाचं टोकाचं पेर धरा. तेवढ्याने कांस्य गेलं.

सहस्रांश सेकंद पूर्वी मोजले आहेत. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 400 मीटर वैयक्तिक मेडलेत स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मॅकीला 0.002 सेकंदाने हरवलं. मागाहून लक्षात आलं, की घड्याळ अचूक असलं तरी तलाव तेवढा अचूक नसतो. सहस्रांश सेकंद म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. एका लेनच्या भिंतीला गिलावा जरा जाड बसला की निकाल फिरला! गवंड्याच्या हाताने सुवर्णपदक ठरू नये, म्हणून शतांशावर थांबायचं ठरलं. वेळ सारखी आली तर पदक दोघांना. 2000 साली सिडनीत अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल धाकटा यांना याच 50 मीटरमध्ये 21.98 सेकंदांवर सुवर्ण विभागून मिळालं.

आता ते पेर जातं कुठे? बहुतेकदा भिंतीपाशी. शेवटचा हात बरोबर भिंतीवर पडला तर उत्तम. अर्धा हात कमी पडला, तर उरलेलं अंतर नुसतं घसरत कापायचं की घाईने आणखी एक हात मारायचा, हे मान पाण्यात असतानाच ठरवावं लागतं. शिवाय बोटं भिंतीजवळ पोचून भागत नाही, तिथली स्पर्शपट्टी दाबली जावी लागते. तेव्हाच घड्याळ थांबतं.

मला जास्त चुटपुट लागते ती सकाळची. त्याच दिवशी हीटमध्ये खाडे यांनी 22.43 सेकंदांत पोहून स्वतःचाच नऊ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला होता. संध्याकाळी तीच वेळ आली असती, तर नाकाओ चौथा असता.

खाडे सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरले, ते फ्रीस्टाइलच्या 50, 100 आणि 200 अशा तिन्ही अंतरांत. आशियाई पदक मात्र त्यांना 2010 साली ग्वांगझूत मिळालं ते बटरफ्लायचं, 50 मीटरमध्ये कांस्य. खजान सिंग यांच्या 1986च्या रौप्यानंतर भारताला जलतरणात मिळालेलं ते पहिलंच आशियाई पदक. पुढे ते तहसीलदार झाले, सरावात खंड पडला, आणि तरी जकार्तात ते पदकापासून पेरभर अंतरावर आले. शेजाऱ्याने बांध कोरला, वीतभर रान गेलं, अशा तक्रारी आपल्याकडे तहसील कचेरीत येतच असतात. वीतभराने काय बिघडतं, असं या साहेबांनी कुणाला विचारलं नसावं.