छापा कीं काटा ?

क्रिकेटच्या सामन्यापूर्वीं दोन्ही संघांचे नायक मैदानावर येतात, एक नाणें उडविलें जातें, आणि प्रथम फलंदाजी कीं क्षेत्ररक्षण हें निवडण्याचा हक्क कोणाचा तें ठरतें. हा निर्णय उभय पक्ष विनातक्रार मान्य करितात. कारण छापा व काटा यांचा संभव सारखा आहे अशी त्यांची खात्री असते. या सारख्या संभवाचें गणित दिसावयास सोपें आहे. तथापि त्यांत थोर पंडितही ठेंचाळले आहेत. कोठें ठेंचाळले, हें ध्यानांत घेतल्यास विद्यार्थ्यांस असलीं उदाहरणें सोडविणें कठीण जाणार नाहीं.

मूळ नियम असा : एखाद्या कृतीचे सर्व परिणाम समान संभवाचे असतील, तर इष्ट परिणामांची संख्या अंशस्थानीं व एकूण परिणामांची संख्या छेदस्थानीं लिहावी. तो अपूर्णांक म्हणजे त्या घटनेची संभाव्यता. नाणें एकदां उडविलें तर परिणाम दोन, पैकीं छापा एक. म्हणून छाप्याची संभाव्यता १/२. नियमांतील 'समान संभवाचे' हे शब्द मात्र कधींही विसरूं नयेत.

आतां नाणें दोनदां उडविलें असतां निदान एकदां तरी छापा पडण्याची संभाव्यता किती ? १७५४ सालीं फ्रेंच विश्वकोशाच्या चौथ्या खंडांत दालांबेर या प्रख्यात गणितज्ञानें या प्रश्नाचा विचार केला. त्याचा युक्तिवाद असा : पहिल्या खेपेस छापा पडला तर काम तेथेंच संपलें. काटा पडला, तर दुसऱ्या खेपेस छापा पडेल किंवा काटा पडेल. एकूण परिणाम तीन, त्यांपैकीं इष्ट दोन; सबब उत्तर २/३.

युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. पण हे तीन परिणाम समान संभवाचे आहेत काय ? पहिल्याच खेपेस छापा पडण्याचा संभव १/२ आहे. उरलेल्या दोहोंचा प्रत्येकीं १/४. असमान वस्तु सारख्या समजून मोजल्या, म्हणून उत्तर चुकलें. दोन्ही खेपा पूर्ण झाल्या असें धरून यादी केली म्हणजे छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा व काटा-काटा असे चार परिणाम मिळतात. हे खरोखर समान संभवाचे आहेत. पैकीं तिहींत छापा आहे. म्हणून उत्तर ३/४.

ही चूक केवळ कागदावरची नव्हे. तीमुळें एखाद्याचें द्रव्यही बुडेल. १६५४ सालीं पास्काल व फर्मा या दोन फ्रेंच पंडितांमध्यें याच विषयावर पत्रव्यवहार झाला. त्यांतील एक प्रश्न असा : दोन खेळाडूंनीं प्रत्येकीं ३२ पिस्तोल, म्हणजे त्या काळचीं सोन्याचीं नाणीं, पणास लाविलीं. जो प्रथम तीन डाव जिंकील त्यानें सर्व ६४ नाणीं घ्यावीं. पहिल्याचे दोन डाव व दुसऱ्याचा एक डाव झाला असतां खेळ मोडला, तर वांटणी कशी करावी ?

आणखी जास्तींत जास्त दोन डावांत निकाल लागेल. त्यांचे परिणाम चार. पैकीं तिहींत पहिला जिंकतो, आणि दुसऱ्यास दोन्ही डाव जिंकल्यावांचून गत्यंतर नाहीं. म्हणून पहिल्यास ४८ व दुसऱ्यास १६ नाणीं द्यावीं. पहिला डाव जिंकल्यावर दुसरा खेळण्याचें कारण उरत नाहीं हें खरें. तरी मोजतांना तो धरलाच पाहिजे. दालांबेरच्या रीतीनें पहिल्यास ४२ पूर्णांक २/३ इतकींच मिळतील, व त्याचीं पांचांहून अधिक नाणीं अन्यायानें दुसऱ्याकडे जातील.

खेपा वाढल्या म्हणजे परिणाम दुपटीनें वाढतात : २, ४, ८, १६, ३२. समजा, परीक्षेंत 'चूक कीं बरोबर' असे पांच प्रश्न आले व एका विद्यार्थ्यानें अभ्यास न करितां नाणें उडवून उत्तरें लिहिलीं. पांचही बरोबर येण्याची संभाव्यता १/३२ होय. निदान एक तरी बरोबर येण्याची संभाव्यता काढण्यास लांब यादी नको. सर्व चुकण्याची १/३२ ही संभाव्यता एकांतून वजा करावी, म्हणजे ३१/३२ हें उत्तर मिळतें.

आणखी एका भ्रमापासून सावध असावें. पांच वेळां ओळीनें छापा पडला, तर 'आतां काटा पडलाच पाहिजे' असें पुष्कळांस वाटतें, व जुगारी माणूस याच आशेवर अधिक पैसे लावून बसतो. परंतु नाण्यास स्मरणशक्ति नसते; सहाव्या खेपेसही संभाव्यता १/२ च. दुसऱ्या महायुद्धांत डेन्मार्कमध्यें स्थानबद्ध असलेल्या जॉन केरिच या गणितज्ञानें १०,००० वेळां नाणें उडविलें. ५,०६७ वेळां छापा पडला. पुष्कळ खेपांनंतर प्रमाण निम्म्याच्या जवळ येतें, तें नाणें मागील बाकी फेडतें म्हणून नव्हे; खेपांच्या मोठ्या राशींत लहान फरक नगण्य ठरतात म्हणून.

सारांश, यादी पूर्ण करावी, तींतील परिणाम समान आहेत कीं नाहींत हें तपासावें, आणि मगच मोजावें.

अभ्यासासाठीं : (१) तीन खेपांत नेमका दोनदां छापा पडण्याची संभाव्यता काढा. (२) वरील खेळांत पहिल्याचे दोन डाव झाले असून दुसऱ्याचा एकही नसेल, तर ६४ नाण्यांची वांटणी करा.

उत्तरें : (१) ३/८. (२) ५६ व ८.