स्नोबोर्ड हनुवटीला लावून घेऊ नका

गुलमर्गला भाड्याने बोर्ड घ्यायला गेलात की बहुतेक वेळा दुकानदार तुमच्यासमोर एक बोर्ड उभा धरतो. त्याचं टोक हनुवटीपाशी आलं की तो तुमचा. मलाही असाच मिळाला. उंची 168 सें.मी., म्हणून 148चा बोर्ड. माझं वजन 88 किलो होतं, ते कुणी विचारलं नाही. बूट दहा नंबरचे होते, ते बोर्डावर ठेवून पाहिले गेले नाहीत.

खालच्या जवळजवळ सपाट मैदानावर सगळं सुरळीत चाललं. गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, वर कोंगदूरीला गेल्यावर, तिथल्या उतारावर पायाच्या बोटांच्या बाजूने वळताना बोर्ड कडेवर तिरका झाला आणि बुटाचं पुढे आलेलं टोक बर्फात रुतलं. पोलादी कड बर्फावरून सुटली, बोर्ड सटकला, मी हातांवर आपटलो. मनगटाचं हाड मोडलं. स्नोबोर्डवर नवख्यांची मनगटं फार दुखावतात, म्हणून हेल्मेटइतकाच आग्रह रिस्ट गार्डचा धरा.

नंतर बोर्ड मोजला. कमरेशी, म्हणजे मधल्या अरुंद भागात, तो 24.5 सें.मी. होता. बूट बाहेरून 31 सें.मी. बाइंडिंगपाशी, म्हणजे बूट जिथे बोर्डाला जखडतात तिथे, बोर्ड थोडा रुंद होतो हे धरूनही दोन्ही बाजूंना अडीच सें.मी.हून जास्त बूट बाहेर. एक-दीड सें.मी. बाहेर असणं चांगलंच, त्याने कड दाबायला जोर मिळतो. दोनच्या पुढे गेलं की तीव्र वळणावर बूट बर्फाला लागणारच. मोठ्या पावलांसाठी वेगळे रुंद बोर्ड बनतात आणि त्यांच्या लांबीच्या आकड्यापुढे बहुधा 'डब्ल्यू' छापलेलं असतं. मात्र लहान पावलाच्या माणसाने रुंद बोर्ड घेऊ नये. एका कडेवरून दुसरीवर जायला तो वेळ लावतो आणि घोटे दमवतो.

म्हणून आधी बूट. टाचा उचलल्या जाणार नाहीत असे घट्ट, बोटं पुढे जेमतेम टेकणारे. गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्गला पर्यटकांना मिळणारे रबरी बूट यासाठी नव्हेत. बूट ठरले की ते बाइंडिंगमध्ये बसवून, बोर्ड उलटा करून पाहा: टाच आणि टोक दोन्हीकडे सारखं बाहेर आलंय का? नसेल तर बाइंडिंग मागेपुढे सरकवता येतं. पावलं बारा-पंधरा अंशांनी बाहेर वळवली तरी थोडा फरक पडतो, पण अरुंद बोर्ड त्याने रुंद होत नाही.

लांबी वजनावर ठरते, कारण बोर्ड वाकतो तो तुमच्या भाराने. हलक्या माणसाला लांब बोर्ड वाकवता येत नाही, मग वळणं येत नाहीत. जड माणसाखाली आखूड बोर्ड वेगात थरथरतो आणि मऊ बर्फात त्याचं नाक बुडतं. सर्वसाधारण बांध्यात उंची आणि वजन बरोबर वाढतात, त्यामुळे हनुवटीचा हिशेब पुष्कळांना चालून जातो. सडपातळ उंच किंवा बुटक्या जाड माणसाला तो फसवतो. बनवणारी कंपनी प्रत्येक लांबीसाठी वजनाचा पल्ला देते, तोच पाहा. त्यात कपडे आणि पाठीवरची पिशवीही धरा. माझ्या वजनाला 158च्या आसपासचा, तोही रुंद बोर्ड हवा होता. शिकाऊ माणसाने आपल्या पल्ल्यातला थोडा आखूड आणि लवचीक घ्यावा. वर अफरवाट डोंगरावरच्या, जवळपास 4,000 मीटर उंचीवरच्या न दाबलेल्या भुसभुशीत बर्फात मात्र लांब बोर्ड बरा. काही खास बोर्ड आखूड असूनही रुंदीमुळे तिथे तरंगतात.

मुलांच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते. आपण वाढत्या अंगाचे कपडे शिवतो तसा वाढत्या अंगाचा बोर्ड घेऊ नका. पुढच्या वर्षी पुरेल म्हणून घेतलेला बोर्ड मुलाला या वर्षी वळवताच येत नाही, आणि घाबरलेलं मूल पुन्हा बर्फावर उभं राहायला तयार होत नाही. त्याच्यासाठी भाड्याचाच बरा.

भाडं ठरवतानाच बोर्ड बदलून देण्याचं कबूल करून घ्या. मग गोंडोलात बसण्याआधी खालच्या उतारावर दोन्ही कडांवर वळून पाहा. बुटाचं टोक किंवा टाच बर्फाला घासली, तर तसेच दुकानात परत जा.