लाल घळीतील खोदचित्रे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेव्हाडा राज्यात, लास व्हेगास शहराच्या ईशान्येस सुमारे ८० किलोमीटरांवर, तांबड्या खडकांचा एक विस्तीर्ण प्रदेश आहे. सूर्याचे किरण तिरपे पडू लागले म्हणजे तेथील खडक पेटल्यासारखे दिसतात. म्हणून त्यास ‘व्हॅली ऑफ फायर’, अर्थात ‘अग्निदरी’, असे नाव पडले. १९३५ पासून हा प्रदेश राज्याचे उद्यान म्हणून राखून ठेवलेला आहे.

या उद्यानात एक लहानशी घळ आहे. तिच्यातून जाणारी पायवाट जाऊन-येऊन जेमतेम सव्वा किलोमीटर भरते. चढ जवळजवळ नाहीच. पायांखाली मऊ वाळू आणि दोन्ही बाजूंस तांबडे कडे. शाळकरी मुलांनाही ती सहज चालून जाता येते. मात्र या कड्यांकडे नीट पाहिले असता त्यांच्या काळपट पृष्ठभागावर फिकट रेषांनी काढलेली चित्रे दिसू लागतात. मोठ्या वळणदार शिंगांच्या रानमेंढ्या, माणसांच्या आकृती, वर्तुळे, नागमोडी रेषा आणि एकात एक गुंफलेली वेटोळी असे नाना प्रकार तेथे आहेत. ही चित्रे रंगाने काढलेली नाहीत. मग त्यांत दोन रंग कोठून आले? आणि इतक्या उथळ रेषा उघड्यावर टिकल्या कशा?

वाळूचा खडक

पंधरा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या युगात, येथे वाऱ्याने हलणाऱ्या वाळूच्या प्रचंड टेकड्या होत्या. त्या एकीखाली एक गाडल्या गेल्या, त्यांचे कण एकमेकांस चिकटले आणि त्यांचा वालुकाश्म झाला. कणांवरील लोहाच्या ऑक्साइडामुळे त्यास तांबडा रंग आला. गेरूचा तांबडेपणाही याच द्रव्याचा होय. पुढे भूकवचाच्या हालचालींनी हे थर उचलले गेले, त्यांना भेगा पडल्या आणि वारा व पाणी यांनी त्या भेगा रुंदावून घळी कोरल्या.

दगडावरचे रोगण

खडक तांबडा असला तरी त्याचे अनेक उघडे पृष्ठभाग काळसर, किंचित चकाकणारे दिसतात. जणू कोणी त्यांवर रोगणाचा हात फिरवला आहे! शास्त्रज्ञ या थरास ‘वाळवंटी रोगण’ असेच म्हणतात. तो खडकाच्या आतून पाझरलेला नसतो. वाऱ्याबरोबर आलेले मातीचे सूक्ष्म कण दगडावर बसतात आणि मँगेनीज व लोह यांची ऑक्साइडे त्यांस धरून ठेवतात. काळेपणा मुख्यतः मँगेनीजचा असतो. आसपासच्या धुळीत मँगेनीज अत्यल्प असते; रोगणात मात्र ते कितीतरी पटींनी साठलेले आढळते. हे कसे घडते याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दाखविण्यात आले, की रोगणात राहणारे काही नीलहरित जीवाणू प्रखर उन्हापासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी आपल्या पेशींत मँगेनीज साठवितात. ते मेल्यावर तेच मँगेनीज दगडावर उरते.

हा थर वाढण्याची गती विलक्षण मंद आहे. हजार वर्षांत त्याची जाडी सर्वसाधारणपणे काही मायक्रॉनच वाढते. मनुष्याच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मंदपणाची कल्पना येईल.

प्राचीन लोकांनी कठीण दगडाच्या टोकाने ठोकून हे रोगण हवे तेथे उडविले आणि खालचा फिकट खडक उघडा केला. म्हणजे चित्र हे तेथे घातलेले काही नसून तेथून काढून घेतलेले काही आहे. विद्यार्थ्यांना याचा प्रत्यय घरीही घेता येईल. टाकून दिलेल्या तांबड्या विटेवर काळ्या रंगाचा पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा आणि मग खिळ्याच्या टोकाने हळूहळू ठोकत एखादी आकृती काढावी. काळ्या पृष्ठभागावर तांबडी रेषा उमटेल. फरक इतकाच, की विटेवरचा रंग एका दिवसात वाळतो. कड्यावरचे रोगण धरण्यास सहस्रके लागतात.

चित्रांचे वय

उघड्या झालेल्या रेषेवरही रोगण पुन्हा धरू लागते. त्यामुळे एकाच कड्यावर जी रेषा अधिक काळवंडलेली, ती सामान्यतः अधिक जुनी. पण हे अनुमान केवळ आधीचे कोणते व नंतरचे कोणते इतकेच सांगते. कधी चित्राचा विषयच साहाय्य करतो. याच उद्यानातील दुसऱ्या एका उंच खडकावर भाला फेकण्याच्या काठीचे चित्र आहे. या काठीस ‘अ‍ॅटलॅटल’ म्हणतात. तिच्यामुळे हाताची लांबी जणू वाढते आणि भाला अधिक वेगाने जातो. या भागात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी धनुष्यबाण रूढ झाला आणि ही काठी मागे पडली. तेव्हा ते चित्र बहुधा त्याहून जुने असावे.

इ. स. पूर्व ३०० ते इ. स. ११५० या काळात, प्रथम टोपल्या विणणारे आणि नंतर जवळच्या मोआपा खोऱ्यात शेती करणारे लोक या प्रदेशात येत असत. शिकार, अन्नसंग्रह आणि धर्मविधी यांसाठी ते येत असावेत. त्यानंतर दक्षिण पायूट लोक येथे आले. त्यांचे वंशज आजही या प्रदेशाजवळ राहतात. त्यांच्या दृष्टीने ही चित्रे पूर्वजांचा वारसा आहेत.

घळीच्या टोकाचे टाके

पायवाट संपते तेथे खडकात एक नैसर्गिक टाके आहे. महाराष्ट्रातील गडांवरची टाकी माणसांनी खोदलेली असतात. हे निसर्गाने घडविलेले आहे. येथे वर्षभरात सरासरी १० सेंटिमीटरच पाऊस पडतो, पण पडलेले पाणी या टाक्यात कधीकधी महिनोन्‌महिने टिकते. १८९० नंतरच्या दशकात ‘माउस’ या नावाने ओळखला जाणारा एक पायूट फरारी या भागात दडून राहिला होता. त्याच्याच नावाने हे टाके ओळखले जाते. उन्हाळ्यात जेथे तापमान ३८ अंश सेल्सियसच्या वर जाते, तेथे अशा टाक्याचे मोल काय असेल हे सांगावयास नको.

न भरून येणारी जखम

पावसाच्या तुटवड्याने हे रोगण राखले. माणसाच्या हाताने मात्र ते क्षणात जाते. कोणी चित्राशेजारी स्वतःचे नाव कोरले, तर ते पुसण्याचा उपाय नाही. घासून काढू गेल्यास रोगणही निघते, आणि रंगाने झाकू गेल्यास मूळ पृष्ठभागाचा पुरावा बुजतो. वारंवार हात लावल्यानेही त्वचेवरील तेल व घाम यांमुळे चित्रांची हानी होते. म्हणून येथे पाहणे म्हणजे हात मागे ठेवून पाहणे होय.

हा नियम अग्निदरीपुरता नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सड्यांवर आणि गोव्यात उसगाळीमळ येथे जांभ्या दगडात कोरलेली कातळशिल्पे आहेत. २०२२ मध्ये कोकणातील या शिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. जांभ्यावर वाळवंटी रोगण नसते आणि ही शिल्पे कड्यांवर नसून पायांखालच्या कातळावर असतात. त्यांचा धोका निराळा आहे: त्यांवरून गाडी जाऊ शकते, आणि चिऱ्यांसाठी तोच कातळ कापला जाऊ शकतो. पण एक गोष्ट दोन्हीकडे समान आहे. कोरणारी माणसे गेली, त्यांची भाषा गेली. त्यांच्या हातची रेषा तेवढी उरली आहे. ती एकदा नाहीशी झाली, की पुन्हा विचारावयास कोणी नाही.