चेडरच्या दरीतील वनभोजन

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात सॉमरसेट नावाचा परगणा आहे. त्याच्या उत्तरेस मेंडिप टेकड्यांची चुनखडीची रांग पसरलेली असून तिच्या पायथ्याशी चेडर हे गाव वसले आहे. गावालगतच टेकडीला उभी चिरत गेलेली खोल दरी आहे. जून महिन्यात येथे रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. एरवी ढग, पाऊस आणि धुके यांत दिवस काढणाऱ्या इंग्रज माणसाला उन्हाचा एखादा स्वच्छ दिवस लाभला, की घरात बसून जेवणे त्याला पटत नाही. टोपली भरून तो मुलाबाळांसह टेकडीची वाट धरतो.

टोपलीत काय न्यावे, यावर तिकडे फार पूर्वीपासून लिहिले गेले आहे. मिसेस बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथात चाळीस माणसांच्या वनभोजनाची यादी आहे. भाजलेले मांस, चार कोंबड्या, दोन बदके, सहा शेवंडी, सहा काकड्या अशी ती लांबच लांब यादी वाचूनच पोट भरावे! पाणी बहुधा तेथेच मिळते, तेव्हा ते वाहून नेऊ नये, असा व्यवहारी सल्लाही त्या देतात. साध्या कुटुंबाला असला थाट परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. चेडरच्या आसपास चार-सहा कोसांत जे पिकते, तेवढ्यावर उत्तम वनभोजन होते.

खुद्द टोपलीच तेथली असते. सॉमरसेटच्या सखल, पाणथळ भागात विलो नावाच्या झाडांची लागवड होते. त्यांच्या लवचीक फोकांपासून विणलेली टोपली हलकी असते आणि तिच्यात वारा खेळता राहिल्याने पदार्थ घामेजत नाहीत.

टोपलीतला मुख्य जिन्नस म्हणजे चीज. दूध कोमट करून त्यात विरजण आणि रेनेट घालतात. ते घट्ट झाले, की कापून तापवतात व निवळी काढून टाकतात. मागे राहिलेल्या चक्क्यासारख्या गोळ्याच्या लाद्या कापून एकीवर एक रचतात आणि पुनःपुन्हा उलटतात. रचण्या-उलटण्याच्या या कृतीलाच ‘चेडरिंग’ असे नाव पडले आहे. पुढे लाद्यांचा चुरा करून त्यात मीठ मिसळतात, साच्यात घालून दाबतात आणि कापडात गुंडाळून महिनोन्‌महिने मुरवतात. चेडरच्या गुहेत बारमाही गारवा व दमटपणा असतो. तेथे आजही काही चीज मुरत ठेवलेले दिसते. एकोणिसाव्या शतकात सॉमरसेटच्या जोसेफ हार्डिंग या शेतकऱ्याने ही कृती शास्त्रशुद्ध केली व इतरांनाही शिकवली. परिणामी चेडर हे नाव जगभर गेले आणि आज ते कोणत्याही देशातील कारखान्याच्या चीजवर आढळते.

पण मूळ गावाकडचे चीज एकदा नामशेष होण्याच्या बेतात आले होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटनला लागणारे बरेचसे अन्न जहाजांतून परदेशाहून येई. जर्मन पाणबुड्यांनी तो मार्ग धोक्यात आणला. मे १९४१ मध्ये चीजचे रेशन सुरू झाले, तेव्हा माणशी आठवड्याला अवघा एक औंस तुकडा मिळे. दूध वाया जाऊ नये म्हणून सरकारने ठरावीक पद्धतीचे एकच टिकाऊ चीज करविले. देशाची भूक भागली हे खरे; परंतु शेतावर आपापल्या हातवळणाने चीज करणाऱ्या घराण्यांपैकी बहुतेकांचे काम थांबले. १९५४ साली रेशन उठले, तोवर कित्येकांचे साचे अडगळीत पडले होते. ज्या थोड्यांनी हे काम टिकवले, त्यांच्यामुळेच आज परगण्यातले अस्सल चीज टोपलीत घालता येते.

चीज मेणकागदात गुंडाळावे आणि खाण्यापूर्वी तासभर बाहेर काढून ठेवावे. गार असताना त्याची चव दबलेली असते. काकडीचे पातळ काप मीठ लावून निथळू द्यावेत व पावाला कडेपर्यंत लोणी लावावे, म्हणजे पाव भिजून लिबलिबीत होत नाही. जड वस्तू तळाशी ठेवून स्ट्रॉबेरी सर्वांत वर ठेवावी. ती देठासकट न्यावी आणि आधी धुऊ नये. मेंडिपच्या दक्षिणेकडील उबदार उतारावर हे फळ चांगले येते. १८६९ साली चेडरपर्यंत आलेल्या आगगाडीने ते इतके वाहून नेले, की त्या मार्गाला ‘स्ट्रॉबेरी लाइन’ म्हणू लागले. १९६३ मध्ये तेथील प्रवासी वाहतूक बंद पडली. आता त्या वाटेच्या काही भागावरून लोक पायी व सायकलीने जातात. टोपली घेऊन निघालेलेही त्यांत असतात.

सफरचंदांची बाग जवळ असली, तरी जूनमध्ये झाडावर पिकलेले फळ नसते. म्हणून मागील शरदातील सफरचंदांचा रस बाटलीतून आणि चटणी बरणीतून येते. सफरचंद, कांदा, व्हिनेगर व साखर शिजवून केलेल्या या पदार्थाचे ‘चटणी’ हे नाव इंग्रजांनी हिंदुस्थानातूनच नेले. चहापुरता मात्र आसपासचाच जिन्नस घेण्याचा नियम इंग्रज माणूस खुशाल मोडतो. आसामच्या पानांचा ऊनऊन चहा थर्मासमध्ये भरल्याशिवाय टोपलीचे झाकण लागत नाही. आणि अचानक पाऊस आलाच, तर मोटारीत दाटीवाटीने बसून तोच आधी ओतला जातो.