विश्वकिरणांचे सामर्थ्य

१९१२ सालच्या ऑगस्ट महिन्याची ७ तारीख. बोहेमियातील आउसिग गावाजवळून सकाळीच एक मोठे बलून आकाशात चढू लागले. त्याच्या पाळण्यात व्हिक्टर हेस हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ दोन सोबत्यांसह बसले होते. जवळ विद्युद्भार मोजण्याची तीन यंत्रे होती.

बंद पात्रात जपून ठेवलेला विद्युद्भारदेखील हळूहळू ओसरतो, हे त्या काळी ठाऊक झाले होते. जमिनीतील किरणोत्सर्गी द्रव्यांमुळे तसे होते, असा बहुतेकांचा समज होता. तो खरा असता, तर उंच जावे तसतसे हे ओसरणे मंदावावयास हवे. प्रारंभी ते किंचित मंदावलेही. परंतु पुढे वाढतच गेले. पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवर, श्वासासाठी प्राणवायू जवळ बाळगून, हेस यांनी नोंद केली: ओसरण्याचा वेग जमिनीवरच्या सुमारे दुप्पट! किरण वरून येत होते. ते सूर्याचे म्हणावेत, तर एप्रिलमधील सूर्यग्रहणातही हेस बलूनमधून वर गेले होते, आणि तेव्हा किरण कमी झाले नव्हते.

नावाने 'किरण' असले, तरी विश्वकिरण म्हणजे प्रकाश नव्हे. ते मुख्यतः प्रोटॉन होत, आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने ते धावतात. हा वेग त्यांना दिला कोणी? स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांनी, म्हणजे अतिनवताऱ्यांनी, असा तर्क १९३४ साली बाडे व झ्विकी यांनी मांडला. प्रचंड ताऱ्याचे इंधन संपले म्हणजे त्याचा गाभा कोसळतो व बाहेरचे थर अवकाशात भिरकावले जातात. त्यांच्यापुढे आघाताची लाट पसरते. तिच्या दोन्ही अंगांच्या चुंबकीय क्षेत्रांत प्रोटॉन चेंडूप्रमाणे टोलवला जातो आणि प्रत्येक फेरीत त्याचा जोर वाढतो. २०१३ साली फर्मी नावाच्या अवकाश दुर्बिणीच्या साहाय्याने अशा दोन ताऱ्यांच्या अवशेषांत या प्रोटॉनांची खूण पटली.

एका प्रोटॉनचे वजन ते काय! पण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात गुरफटून असे असंख्य प्रोटॉन लाखो वर्षे भटकतात, आणि त्यांचा एकत्रित दाब ताऱ्यांमधील वायूच्या दाबाच्या तोडीचा असतो. या दाबाने काही वायू आकाशगंगेच्या तबकडीबाहेर लोटला जात असावा, असे संगणकावरील गणिते दाखवितात. ज्या वायूपासून नवे तारे घडावयाचे, तोच दूर गेल्यावर ताऱ्यांचा जन्म रोडावतो. लहान दीर्घिकांचे गुरुत्वाकर्षण दुबळे, म्हणून तेथून वायू अधिक सहज निसटतो.

दाट, थंड मेघांच्या पोटात मात्र या किरणांचे काम निराळे आहे. तेथे ताऱ्यांचा प्रकाश पोहोचत नाही, विश्वकिरण पोहोचतात. ते हायड्रोजनच्या रेणूंतील इलेक्ट्रॉन उडवितात, आणि त्या अंधारात पाण्यासारख्या रेणूंची घडण सुरू होते.